सोनेगाव की गावाकडची पट्टी: आमच्या सेसनाचं बिऱ्हाड

आमच्याकडे विमान आहे हे नागपुरात कुणाला कळलं की पहिला प्रश्न किमतीचा येतो. खरा आकडा ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण तो धरमपेठेतल्या टू-बीएचकेपेक्षा कमी आहे. १९७८ सालचं, एका पंख्याचं, चार माणसांचं सेसना १७२. आम्ही तिघांनी मिळून घेतलेलं: एक दातांचे डॉक्टर, एक संत्र्याच्या बागा असलेले भाऊ, आणि मी, आयुष्यभर इलेक्ट्रिकची कंत्राटं घेतलेला माणूस. तिघांकडेही खाजगी वैमानिकाचा परवाना आहे. किमतीनंतरचा प्रश्न ठरलेला असतो, "पण ठेवता कुठं?" किमतीचं उत्तर बदलत नाही. याचं मात्र आम्ही आजवर चार तऱ्हांनी दिलं असेल.

सुरुवातीला विचार करायचं कारणच नव्हतं. तिकिटावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ असं छापलेलं असलं तरी आमच्या तोंडी सोनेगावच. घरून वीस मिनिटं. ३,२०० मीटरची धावपट्टी, त्यातली आम्हाला सुटायला चारशेसुद्धा पुरेत. टॉवर आहे, रात्रीचे दिवे आहेत, अग्निशमनच्या गाड्या उभ्या आहेत, हवामान खात्याचा निरोप दर अर्ध्या तासाला ताजा मिळतो. एप्रनच्या, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेच्या, कडेला विमान उभं करायचं, दोन्ही पंख आणि शेपूट दोरांनी बांधायचं, चाकांना ठोकळे लावायचे, झालं. पार्किंग वजनावर आणि वेळेवर मोजतात. आमचं वजन पूर्ण भरून एक टन त्रेचाळीस किलो, त्यामुळे बिल बघून घाम फुटावा असं काही नव्हतं.

घाम फुटायचा तो फाटकावर. विमान आपलं असलं तरी आत जायला पास लागतो, पासाला पोलीस व्हेरिफिकेशन लागतं, आणि त्याची मुदत संपते ती नेमकी हवा छान असलेल्या रविवारी. आमचा एएमई, म्हणजे विमान दुरुस्तीचा परवाना असलेला इंजिनिअर, हत्यारांची पेटी घेऊन आला की प्रत्येक पाना, प्रत्येक स्क्रूड्रायव्हर यादीशी ताडून बघतात. जातानाही तसंच. यात चूक कुणाचीच नाही. शेजारी दीडशे-दोनशे माणसं घेऊन विमानं सुटतात, तिथे मोजणी हवीच. पण ऑइल बदलण्याच्या तासाभराच्या कामाला अर्धा दिवस जातो एवढं खरं.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. सकाळी मुंबई, दिल्ली, पुण्याच्या विमानांची रीघ लागते. एअरबस सुटली की तिच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे मागे राहतात. हलक्या विमानाने त्यात सापडू नये म्हणून नियमाने दोन मिनिटं थांबायचं, आणि पट्टीच्या मधल्या फाट्यावरून निघायचं असेल तर तीन. मग तेवढ्यात कुणीतरी उतरायला आलेलं असतं, पुन्हा थांबा. आमच्या इंजिनला हवेची थंडाई मिळते ती उडताना. मे महिन्यात होल्डिंग पॉइंटवर, म्हणजे पट्टीच्या तोंडाशी थांबायच्या जागी, पंखा फिरवत उभं राहिलं की तापमानाचा काटा चढत जातो, प्लगवर काजळी धरते. पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ करत, घड्याळाकडे बघत बसायचं. टॉवरवाल्यांनी कधी हिडीसफिडीस केलं नाही, हेही सांगायला हवं. उलट "व्हिक्टर टँगो" म्हणून, म्हणजे नोंदणीतल्या व्हीटी अक्षरांनी, आपली हाक आली की आपणही त्या रांगेतलेच आहोत असं वाटून छाती जरा फुगायची.

आणि रांग तर नागपूरच्या नशिबीच आहे. देशाच्या मध्यावरचं गाव म्हणून १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली ती इथेच जोडून. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांनी डाकोटा विमानं मध्यरात्री सोनेगावला यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. आमच्या डॉक्टरांना हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगायचा असतो. मी इथेच सांगून टाकला, म्हणजे त्यांची एक खेप वाचली.

सोनेगाव सोडायचं कारण मात्र पास नव्हते, रांगही नव्हती. गारपीट होती. विदर्भात थंडी सरता सरता, हरभरा-गहू काढायला आला की आभाळ फिरतं. एका संध्याकाळी लिंबाएवढ्या गारा पडल्या. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने पंखांवर बोटं फिरवत खळगे खडूने गोल करायला घेतले. वरच्या पत्र्यावरचे खळगे दिसायला वाईट, पण चालून जातात. एलेरॉनवरचे, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या झडपेवरचे, चालत नाहीत. तो पत्रा सरळ केला, बदलला किंवा रंगवला तरी झडपेचा तोल पुन्हा तपासावा लागतो, नाहीतर वेगात ती थरथरू शकते. विमान महिनाभर जमिनीवर राहिलं. उघड्यावर ठेवायचं नाही, डोक्यावर छप्पर पाहिजे, हे तेव्हा ठरलं.

छप्पर सापडलं ते गाडीने अडीच तासांवरच्या एका सरकारी धावपट्टीवर. भाऊंची एक बाग तिथून जवळ आहे, त्यांनीच शोधलं. पट्टीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे बिऱ्हाड मिळालं ते माणसांच्या भलेपणावर, आणि उद्या दहा जण अर्ज घेऊन गेले तर ते भलेपण आटेल. पट्टी डांबरी, कडेला टिनाचा मोठा शेड, एक वाऱ्याची पिशवी, एक चौकीदार. टॉवर नाही, पेट्रोल नाही, कुंपण काही ठिकाणी आहे आणि काही ठिकाणी होतं.

परवानगीसाठी आधी एका कार्यालयात, मग तिथून दुसऱ्यात. अर्जाचा विषय आम्ही लिहिला, "खाजगी विमान शासकीय धावपट्टीवर ठेवणेबाबत". लिपिक भला माणूस होता. त्याने फाइल उघडून विचारलं, "गाडीचं आरसी बुक असते, तसं याचं काय असते?" त्याला नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवलं, मग उड्डाणयोग्यतेचं, त्याचं दरवर्षी नव्याने घ्यावं लागणारं पुनरावलोकनाचं, विम्याचं, रेडिओच्या परवान्याचं. एकेक कागद बघत तो म्हणाला, "एवढ्यात तर ट्रॅव्हल्सच्या चार बसा निघतील." फाइल फिरायला पावसाळा गेला. विमान बांधायला शेडच्या फरशीत लोखंडी कड्या पुरायच्या होत्या, त्याला वेगळा अर्ज, कारण फरशी दुसऱ्या विभागाची.

भाडं सोनेगावच्या पार्किंगच्या मानाने नगण्य होतं. आता पैसे वाचतील, असं तिघांनीही गृहीत धरलं.

टॉवर नसलेल्या पट्टीवर उतरणं हा वेगळाच प्रकार आहे. रेडिओवर आपणच बोलायचं, आपणच ऐकायचं: अमुक बाजूने येतोय, आता वळतोय, आता शेवटच्या टप्प्यात. ऐकणारा बहुधा कुणी नसतो, तरी बोलायचं. आधी पट्टीवरून खाली येऊन एक फेरी मारायची आणि बघायचं की खाली कोण आहे. कुणीतरी असतंच. पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सोळाशे मीटर पळत असतात, त्यांना जिल्ह्यात याहून सरळ रस्ता नाही. सोयाबीन निघालं की पट्टीच्या टोकाला वाळत घातलेलं दिसतं. आणि संध्याकाळी रोही, म्हणजे नीलगाई. सोनेगावला घिरट्या घालणाऱ्या घारी डोक्याला ताप असतात, पण एका घारीचं वजन ते किती! रोह्याचा नर दोनशे किलोंच्या पुढे जातो.

चौकीदारमामांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "साहेब, यायच्या अर्ध्या घंट्याआधी फोन करत जा. मी सायकल घेऊन पट्टी पाहून घेतो. पोरं आयकते, रोही नाही आयकत." फोन करायचा म्हणजे त्यांना रेंज पाहिजे, आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. निघताना आम्हालाही तिथेच उभं राहावं लागे. उड्डाणाचा आराखडा द्यायचा, मुंबईच्या माहिती केंद्राला फोन करून एफआयसी आणि एडीसी नंबर, म्हणजे त्या केंद्राचा आणि हवाई संरक्षणाच्या परवानगीचा क्रमांक, घ्यायचे, ते लिहून मगच विमानाकडे जायचं. उतरल्यावरही कळवायचं, कारण ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास काहीच पत्ता लागला नाही तर शोधाची पहिली पायरी सुरू होते. सोनेगावला हे सगळं आपोआप होतं. इथे इंजिन बंद करून आधी टाकीकडे पळायचं.

पेट्रोलचा हिशेब मी वहीत मांडला तेव्हा पहिल्यांदा कपाळाला आठ्या पडल्या. आमच्या इंजिनला पंपावरचं पेट्रोल चालत नाही, एव्हीगॅस १०० एलएल लागतं, निळ्या रंगाचं. ते बरीच वर्षं बाहेरून आणावं लागायचं. २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवू लागली, त्याने जरा सोय झाली. पण पट्टीवर साठवायचं तर तो वर्ग 'अ'चा ज्वालाग्राही माल, त्याला परवाना, आग विझवायची व्यवस्था, वेगळी खोली. तीन माणसांनी एका विमानासाठी ते करणं म्हणजे घोडं मेलं ओझ्याने. म्हणून भरायचं नागपुरातच. टाकीत कामाचं दीडशे लिटर मावतं, तासाला तीसेक लिटर जळतं. पट्टीवरून नागपूर चाळीस मिनिटं, म्हणजे नुसतं टाकी भरून परत यायला चाळीस लिटर खर्च. वाचलेलं भाडं तिथेच उडालं. इंजिनिअरची गाडी आणि त्याचा अख्खा दिवस हे आणखी वेगळं.

उन्हाळ्याचं गणित तर याहून टोकदार. हवा तापली की विरळ होते, पंख कमी उचलतात, इंजिन कमी ओढतं. नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे, पण पंचेचाळीस अंशांत विमानाला ती उंची पावणेपाच हजार फुटांच्या आसपास वाटते. सुटायला लागणारं अंतर बरंच वाढतं. विमानाच्या पुस्तकात याचे तक्ते आहेत, आणि त्या तक्त्यांतला शेवटचा रकाना चाळीस अंशांचा. आमचा मे महिना त्याच्या पुढे सुरू होतो! सोनेगावच्या लांब पट्टीवर हे सगळं पुस्तकी वाटायचं. इथे पट्टीच्या टोकाला निंबाची झाडं आणि त्यामागे विजेची तार आहे. म्हणून नियम करून टाकला की एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत, दोनच माणसं, अर्धीच टाकी. भाऊ एकदा नातवालाही घेऊन जाऊ म्हणाले. डॉक्टरांनी काही न बोलता तक्त्याचं पान त्यांच्यापुढे धरलं. नातू थंडीत आला.

आता छपराखालच्या गोष्टी. छप्पर गारा अडवतं, जीवजंतू नाही. डाव्या पंखाखाली पिटो नावाची बोटाएवढी नळी असते. समोरून येणारी हवा तिच्यात शिरते आणि तिच्या दाबावर वेगाचा काटा चालतो. तिला लाल फीत लावलेलं कापडी कव्हर घालतात. वानरांना ती फीत इतकी आवडली की एका दुपारी कव्हरच पळवलं. मामांनी ते निंबाखालून शोधून आणलं, पण मधल्या वेळात कुंभारीण माशीने डाव साधला होता. बाहेरून बघताना नळीच्या तोंडाशी फक्त मातीचा पुसट डाग. टॉर्च लावला तर आत, नखभर खोल, गुळगुळीत लिंपलेली भिंत. काडीने टोकरायचं नाही, माती आणखी आत जाते. तोंडाने फुंकायचं तर अजिबात नाही, काट्याचं यंत्र फाटतं. इंजिनिअर आला, डॅशबोर्डमागून यंत्राची जोडणी सोडवली, आतून बाहेर हवा सोडली, आणि मातीचा बोळा टप्पकन फरशीवर पडला. त्यात अळीसाठी ठेवलेली हिरवी किडं होती. डॉक्टरांनी फोटो काढला. आम्ही मात्र ती माती दिसली नसती तर काय, हे मनात मोजत उभे होतो. धावपट्टीवर विमान पळतंय आणि वेगाचा काटा शून्यावर.

पाण्याचंही तसंच. या जुन्या सेसनांच्या टाकीची झाकणं पंखाच्या पत्र्यात सपाट बसवलेली असतात, त्यांचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी आत झिरपतं. शेडमध्ये पाऊस लागत नाही, पण टाकी अर्धी रिकामी असेल तर दमट हवेचंच पाणी होतं. उड्डाणाआधी पंखाखालच्या वाल्वमधून पारदर्शक नळीत थोडं पेट्रोल काढायचं आणि उजेडात धरायचं. वर निळं पेट्रोल, आणि तळाशी साबुदाण्याच्या दाण्यासारखे दोन-तीन पांढरे मणी, ते पाणी. मणी दिसेनासे होईपर्यंत काढत राहायचं. श्रावणात एकदा आम्ही किती वेळ काढत होतो त्याची गणतीच नाही.

तरी हे सगळं सांभाळता येण्यासारखं होतं. खरं नुकसान ज्याचा आवाज होत नाही त्याने केलं. अडीच तास जायचं, अडीच तास यायचं, म्हटल्यावर "पुढच्या रविवारी बघू" सुरू झालं. सोनेगावला असताना डॉक्टर दवाखाना उघडायच्या आधी अर्धा तास उडून यायचे. इथे महिना-महिना कव्हर निघेना. आणि ही इंजिनं न चालवण्यानेच मरतात. आमच्या मॉडेलमध्ये लायकमिंग कंपनीचं ओ-३२० एच-टू-एडी इंजिन आहे. त्याच्या कॅमशाफ्टची आणि टॅपेटची, म्हणजे इंजिनच्या झडपा उघडणाऱ्या भागांची, झिजण्याची खोड जगभर माहीत आहे, त्यासाठी ऑइलमध्ये एक ठरावीक औषध घालणंही सक्तीचं आहे. विमान उभं राहिलं की कॅमवरचं ऑइल निथळून जातं, दमट हवेत त्यावर गंज धरतो, आणि पुढच्या वेळी तो गंजच कानस घासल्यासारखा पोलाद खातो.

ऑइलचा फिल्टर कापून आतला कागद पसरून बघतात. इंजिनिअरने शेडच्या दारात, उन्हात तो कागद उलगडला आणि घडी-घडीतून लोहचुंबक फिरवला. चुंबकाच्या टोकाला चमकीसारखे बारीक कण चिकटले. मूठभर नव्हते, चिमूटभरही नव्हते, पण होते. तो म्हणाला, "चुंबकाला चिकटलं म्हणजे पोलाद. तूर्त चालवा, पण चालवाच. पंचवीस तासांनी पुन्हा कापून बघू."

मी म्हटलं, मामांना सांगू का आठवड्यातून एकदा पंखा हाताने फिरवायला? जुने लोक तसं सांगतात. तो हसला. कंपनीचंच सांगणं आहे की हाताने फिरवल्याने उरलंसुरलं ऑइलही पुसलं जातं, शिवाय मॅग्नेटोचा, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राचा, काही बिघाड असेल तर पंखा अंगावर येतो. जमिनीवर दहा मिनिटं इंजिन चालवणंही फसवं. ऑइल पुरेसं तापत नाही आणि जळणातून तयार झालेलं पाणी आतच राहतं. महिन्यातून निदान एकदा तासभर खरंखुरं उडवायचं, ऑइल पंचाहत्तर अंशांच्या वर नेऊन, हाच उपाय.

म्हणजे गावाकडची पट्टी स्वस्त आणि सोनेगाव महाग हे आमचं गणितच तिरपं होतं. विमान कुठे जास्त उडेल आणि न उडणाऱ्या दिवशी त्याच्याकडे कोण बघेल, एवढेच दोन प्रश्न विचारायला हवेत, असं माझं आता पक्कं मत आहे. डॉक्टरांना ते अर्धंच पटतं. त्यांच्या मते छपराला पर्याय नाही.

बघायचा प्रश्न मामांनी सोडवला. भाऊंनी त्यांना महिन्याचे वेगळे पैसे ठरवून दिले, आणि इंजिनिअरने एक सकाळभर विमानाभोवती फिरवून काय बघायचं ते दाखवलं: पिटोचं कव्हर, इंजिनच्या तोंडाशी काडी-गवत आहे का, साळुंक्या आत शिरल्या का, चाकात हवा, खाली ऑइलचा थेंब, दोर सैल आहेत का. रोज सकाळी टाकीजवळ जाऊन ते फोटो पाठवतात. खाली एक ओळ असते. "सगळं बराबर हाय." एकदा आलं, "उंदीर आत जाऊन राहिला वाटते, मागच्या सीटखाली लेंड्या हाय." आम्ही त्याच दिवशी निघालो. वायरीचं नुसतं वरचं आवरण कुरतडलं होतं. पट्टीवर केलेल्या सगळ्या खर्चांत मामांना दिलेला पैसा सर्वात वसूल झाला.

उडवायचा प्रश्न आम्ही बिऱ्हाड दोन ठिकाणी करून सोडवला. दिवाळी झाली की विमान सोनेगावला. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ, तिघेही गावात, रांगेत उभं राहिलं तरी इंजिन तापत नाही. जानेवारी सरायच्या आत, गारांचे दिवस लागण्याआधी, ते पट्टीवरच्या शेडमध्ये जातं आणि पावसाळाभर तिथेच राहतं. भाऊंना बागेवर जावंच लागतं, तेव्हा जातील त्या खेपेला हवा बघून तासभर उडवायचं हे त्यांच्या गळ्यात घातलंय. झाकणं नव्या धाटणीची, वर उचललेली बसवली, पाण्याचे मणी जवळपास बंद झाले. पुढचा फिल्टर कापला तेव्हा चुंबकावर काहीतरी होतं, पण इंजिनिअरला भिंग लावावं लागलं.

पैशांचं म्हणाल तर दोन्हीकडचं मिळून खर्च पूर्वीपेक्षा जास्तच आहे. तो तिघांत भागतो. ज्यांना एकट्याने ठेवायचंय त्यांना मी सोनेगावसारखंच ठिकाण सुचवेन, आणि छपरासाठी आधी सगळीकडे विचारा म्हणेन. ज्यांचं शेत किंवा कारखाना एखाद्या पट्टीपासून अर्ध्या तासावर आहे, त्यांची गोष्ट निराळी.

वार्षिक तपासणी जवळ आलीय. त्यासाठी विमान या खेपेला लवकर नागपूरला आणायचंय, म्हणून पासांचे फॉर्म परवा काढले. माझा आणि भाऊंचा भरून झाला. डॉक्टरांनी मध्यंतरी घर बदललं आणि आधारवर पत्ता जुनाच आहे, त्यामुळे त्यांचं व्हेरिफिकेशन कोणत्या पोलीस ठाण्यात जाणार यावर सध्या ग्रुपवर चर्चा चालू आहे.